काठावरचा पाठमोरा

चंद्रपूरच्या त्या गेम पार्लरमध्ये मी जायला लागले तेव्हा पहिले काही दिवस पोरं पडद्याऐवजी माझ्याकडे पाहायची आणि पटापट मरायची. मला त्याची भारी मजा वाटायची. पार्लर म्हणजे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागची एक लांबट खोली. ओळीनं टीव्ही, टीव्हीखाली गेमचे डबे, खिडकीवर जाड पडदा, दारात घरघरणारा कूलर. खिडकीच्या फळीवर कोळशाची भुकटी रोज साचायची आणि ती पुसायचं काम माझ्या थोरल्या भावाचं. दादा तिथं कामाला होता, मी शहरात कॉलेजसाठी खोली करून राहत होते, त्यामुळे मला कोणी हटकत नसे. दुकानाचे मालक मोबाइल उघडून त्यात डोकं घालून बसलेले असत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. गाव गोंडपिपरी तालुक्यात, नदीला लागून. बाबा लवकर गेले. आई, दादा आणि मी एवढंच घर. पावसाळ्यात दादा गावी जाऊन जाळं टाकायचा, एरवी पार्लर सांभाळायचा. मासे आणि गेम, या दोनच गोष्टी त्याला येत होत्या आणि दोन्ही झकास येत होत्या.

तो गेम इंटरनेटवर चालायचा. आधी आपला माणूस घडवायचा. उंची, खांदे, नाक, केस, चालण्याची ढब, सगळं आपल्या मनासारखं. मग त्याला घेऊन एका अफाट जंगलात शिरायचं, जनावरं मारायची, वस्त्या शोधायच्या. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपापली रूपं घेऊन त्याच जंगलात फिरत असत. मी जन्माची काडी, म्हणून मी एक धिप्पाड बाई बनवली आणि तिच्या हातात कुऱ्हाड दिली. दादानं मात्र हुबेहूब स्वतःलाच बनवलं. जाळं ओढून त्याचा डावा खांदा जरासा उतरला होता, तोसुद्धा त्यानं तासभर बसून तसाच उतरवला. वाटेल तो होता येत असताना माणूस पुन्हा स्वतःच होतो, याला काय म्हणावं? मी खूप हसले.

"हास हास," तो म्हणाला. "मले दुसरं तोंड बनवता येत नाई."

त्या वर्षी पूर उतरत असताना दादा आणि शेजारचा त्याचा मित्र संध्याकाळी डोंगा घेऊन गेले आणि डोंगा उलटला. मित्राचं प्रेत खालच्या गावाच्या वळणावर सापडलं. दादा सापडला नाही.

आमच्याकडे नदीनं माणूस परत दिला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. त्याला नारळाचं डोकं बसवतात, माणसाला घालतात तसे कपडे घालतात आणि अग्नी देतात. त्याशिवाय माणूस गेला असं धरत नाहीत आणि घराचं सुतकही फिटत नाही. जातीतली वडीलधारी माणसं दोनदा येऊन आईला समजावून गेली. आई ऐकेना.

"माहा पोरगा जित्ता हाय. पुतळा नाई करू देत मी," ती म्हणायची.

तिचं हे बोलणं शेजारच्या वहिनीला, म्हणजे दादाच्या मित्राच्या बायकोला, कुंपणापलीकडे ऐकू जायचं. तिच्या कडेवर लहान मुलगी होती. एक दिवस ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुमचा जित्ता असन, त मंग माह्या मानसाले पान्यात सोडून तो कुठी गेला, बाई?"

दादा मेला म्हणावं तर पुतळा जाळावा लागणार, जिवंत म्हणावं तर या बाईला तोंड दाखवायला जागा नाही. त्या घरात मला श्वास घेता येईना. मी चंद्रपूरला परत आले.

पार्लरकडे पाय वळायला उन्हाळा उजाडला. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पार्लरमध्येही दोन-तीन पोरंच होती. मी माझी कुऱ्हाडवाली बाई काढली आणि काही न मारता नुसतीच जंगलातून चालत राहिले. चालता चालता नदी लागली. त्या नदीकाठी एक माणूस पाठमोरा उभा होता. त्याचा डावा खांदा उतरलेला होता.

डोक्यावर दादानं ठेवलेलं नाव तरंगत होतं.

मी मान वळवून दादाच्या नेहमीच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती, समोरचा टीव्ही बंद होता. पडद्यावर तो उभाच. त्या गेममधली सगळी माणसं उभ्या उभ्या श्वास घेतात, तसं बनवलेलंच असतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरी त्याची पाठ वरखाली होताना मी पाहत राहिले. मग त्याला वळसा घालून मी माझ्या बाईला त्याच्या समोर नेलं. तो वळला आणि पुन्हा पाठमोरा झाला. मी परत समोर गेले. तो परत वळला. मग एकदम दिसेनासा झाला.

"सर्वर का लोचा होगा, बेटा," चाचा म्हणाले. पण त्यांचा चेहरा काही ठीक दिसला नाही.

माझ्या बाजूचा पोरगा म्हणाला, "तो बहुत दिवसापासून येऊन राह्यला, ताई. दुपारीच येते. आमी हाका मारल्या, एकदा, दोनदा. ओच देत नाई. भूत हाय म्हनते सगळे." आणि वर हसला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

त्यानंतर मी रोज दुपारी जाऊ लागले. कधी तो असायचा, कधी नसायचा. असला की त्याच नदीकाठी, त्याच जागी. त्याच्या अंगावर वाघासारखं जनावर चालून आलं तरी हलायचा नाही. एकदा माझ्या डोळ्यांदेखत जनावरानं त्याला पाडलं आणि थोड्या वेळानं तो तिथंच पुन्हा उभा झाला. गेममध्ये सगळेच मेल्यावर पुन्हा उभे होतात. पण माझं त्या रात्रीचं जेवण राहिलं. चाचांनी दोन-चार ठिकाणी फोन करून डोकं चालवलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "देख बाई, उसका पासवर्ड सिर्फ उसको मालूम था. या तो उसने किसीको दिया, या वो खुद है. किसी बड़े शहर के पार्लर में बैठा होगा. दूसरा काम आता कहाँ था उसको?"

हे आईला सांगायचं की नाही, या विचारात मी गावी गेले. संध्याकाळ होत आली होती. आई घाटावर भांडी घासत होती, माझ्याकडे पाठ करून. मी वरून हाक मारली, "आई!" तिनं मान वळवली नाही. पुन्हा मारली. हात तेवढे थांबले. तिसऱ्यांदा मारली तेव्हा ती म्हणाली, "ओ! इथी हाय!"

मी मनात हाका मोजल्या. तीन.

दिवेलागणीला, नदीवर किंवा रानात, आम्ही पहिल्या दोन हाकांना ओ देत नाही. चकवा ओळखीच्या आवाजात हाक मारतो, पण त्याला दोनदाच मारता येते. ओ दिली की तो माणसाला घेऊन जातो. तिसरी हाक माणसाची. आणि तिसऱ्या हाकेला मात्र ओ द्यावीच लागते, मग हाक मारणारा वैरी का असेना, कारण तो बुडत असेल. बोलायला लागलो तेव्हापासून हे आम्हाला आईनं शिकवलेलं. शहरात राहून माझ्या ते डोक्यातून गेलं होतं. पार्लरमधली पोरं तर दोन हाका मारून कंटाळणारीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पार्लरमध्ये होते. तो काठावर उभा होता. मी तोंडाशी माइक धरला आणि हाक मारली, "दादा." पाणी वाहत होतं. "दादा." त्याची पाठ वरखाली होत राहिली. मग मी तिसरी हाक मारली.

तो वळला.

त्यानंच घडवलेला तो चेहरा माझ्याकडे पाहत होता. डोळे हलत नव्हते, ओठ हलत नव्हते. त्याच्याकडे माइक नसावा, कारण खाली एकेक अक्षर उमटू लागलं. इंग्रजी अक्षरांत आमची बोली. एकेक अक्षर शोधून दाबावं लागतं तिथं, त्यामुळे शब्द पुरा व्हायला युग लागत होतं.

ओ, असं आधी उमटलं. नुसतंच ओ.

मी रडत होते आणि ओरडत होते, "कुठी हाय तू? आई मरून राह्यली तिकडे! काऊन येत नाई?"

मग आलं: डोंगा उलटला. मी काठाले लागलो. अंधार पडत होता.

मग: दोस्तानं हाक मारली. रानाच्या बाजूनं आल्यावानी वाटली.

मग: दोनदा मारली. मी तिसरीची वाट पाह्यली.

पुढचं त्यानं लिहिलं नाही, आणि मला ते वाचायचंही नव्हतं. मी माइक दोन्ही हातांनी धरून बसले होते. माझ्या बाजूच्या पोरानं आपला गेम थांबवला होता.

शेवटी आलं: वहिनीले तोंड नाई दाखवू शकत. माह्या नावाचा पुतळा करून टाका.

मी काही बोलायच्या आत तो वळला, त्या पडद्यावरच्या नदीत उतरला आणि कमरेएवढ्या पाण्यात असताना नाहीसा झाला.

आईला मी सगळं सांगितलं. तो जिवंत आहे हे ऐकून ती हसली, मनापासून हसली. मग हाकांचं ऐकलं आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. "मीच शिकवलं त्याले," ती म्हणाली. "मारून मारून शिकवलं. लहानपनी एकदा दुसऱ्या हाकेले ओ देली म्हनून चिमटा तापवून देला होता मी त्याले." हे ती पुन:पुन्हा म्हणत राहिली. मला वाटलं, आता ही वडीलधाऱ्यांना बोलावणार, पळसाची पानं आणवणार आणि हे सगळं त्या पुतळ्याबरोबर जाळून मोकळी होणार. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

पण ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि कुंपण ओलांडून शेजारी गेली. मी मागोमाग. वहिनी मुलीला भरवत होती. आईनं काही आडपडदा ठेवला नाही. तुझ्या माणसानं दोनदा हाक मारली, माझा पोरगा काठावर होता, त्यानं ओ दिली नाही, ती खोड माझी, असं सरळ सांगितलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. मला वाटलं, आता ही किंचाळेल, गाव गोळा करेल. मी दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती.

वहिनीनं मुलीच्या तोंडात घास घातला. तिचं तोंड पुसलं. आमच्याकडे न पाहता विचारलं, "दोनदाच मारली?"

"दोनदाच," आई म्हणाली.

"त मी बी नसती देली," वहिनी म्हणाली. "तो असता काठावर, तर त्यानं बी नसती देली." मग तिचा धीर सुटला. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून ओरडून रडली, पहिल्यांदाच, आणि रडता रडता माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सांग त्याले. म्हन, मी म्हनलं का ये घरी. पुतळा नका करू."

मी मिळेल त्या गाडीनं चंद्रपूरला आले. ऊन उतरायच्या आत पार्लर गाठलं आणि नदीकाठी गेले. तिथं कोणी नव्हतं. ओळखीच्या माणसांच्या यादीत त्याचं नाव शोधलं, तेही नव्हतं. चाचांनी स्वतः खुर्ची ओढून बराच वेळ खटपट केली.

"उसने मिटा दिया, बेटा," ते म्हणाले. "खुद ही मिटाया. यहाँ से नहीं होता वो."

पुढे पार्लर बंद पडेपर्यंत मी त्या काठावर जात राहिले. पुतळा आम्ही केला नाही. गावच्या हिशेबानं आमचं सुतक अजून चालू आहे आणि वडीलधारी माणसं आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. वहिनी पिते. लोक मला विचारतात, भावाची आठवण येते का? येते, पण त्याआधी राग येतो. वहिनीनं त्याला घरी बोलावलं होतं, आणि तो गधा एक दिवस थांबला नाही.