फळ्यावरची चार बोटं जागा

बाळाकाका गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी रोह्याला बहिणीच्या स्वयंपाकघरात भिजवलेले वाल सोलत बसले होते. पेणच्या आमच्या आळीच्या ग्रुपवर कुणीतरी जोडलेले हात टाकले आणि खाली लिहिलं, 'बाळाकाका आपल्यात नाहीत.' मग हातच हात. बहीण म्हणाली, "अगो, रड तरी!" पण मला रडूच येईना. डोक्यात काकांचाच नियम ठाण मांडून बसलेला. "फोनवर मेलेला माणूस मी लिहीत नाय," असं ते म्हणायचे. कुणी गेल्याचं कळलं की ते आधी त्या घरी जायचे, ओसरीवर बसायचे, कधी नेणार ते विचारायचे, नावातली वेलांटी नीट विचारून घ्यायचे आणि मगच फळ्यावर लिहायचे. तेव्हा मीही वाल तसेच टाकले आणि पेणची एसटी धरली. नागोठण्यापर्यंत मला खात्री होती की ही अफवाच असणार, कारण आमच्या ग्रुपवर याआधी दोन जिवंत माणसांना हात जोडून झालेत. वडखळला गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, तिथे खात्री जरा डळमळली. त्यांच्या घरी पोचले तर काका ओटीवर निजवलेले. काकी मला बघून म्हणाल्या, "बघ गो सुनंदा, न सांगता गेले..." मग मात्र रडले.

रडण्यात नुसतं दुःख नव्हतं, हे आज कबूल करते. मला काकांना एक गोष्ट सांगायची होती. टाळेबंदीपासून सांगायची राहिली होती. रोज त्यांच्या फळ्यासमोरून जायचे, रोज म्हणायचे, उद्या सांगू. आता उद्या कुठला?

फळा म्हणजे आमच्या आळीच्या तोंडाशी, शेठच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर ठोकलेली काळी फळी. वर 'आजचे' एवढंच लिहिलेलं. पाणी किती वाजता येणार, लाइट कधी जाणार, कुणाची गाय सुटली, कुणाची मुलगी दहावीला पास झाली, कोण वारलं. काका रोज सकाळी ओल्या फडक्याने फळा पुसायचे आणि दोन खडू संपेपर्यंत लिहायचे. यासाठी त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पोटापाण्याचा धंदा वेगळाच. पेणजवळच्या जोहे गावातल्या एका गणपतीच्या कारखान्यात ते डोळ्यांची आखणी करायचे. तिथे माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे खूप, पण डोळे काढायला हात लागतो, आणि तो हात काकांचा होता. त्यामुळे फळ्यावरची अक्षरंसुद्धा अशी की वाचून झाली तरी माणूस बघत उभा राही. मी त्यांना चिडवायचे, "काका, लाइट जाणार हे इतकं सुंदर लिहू नका हो, राग येत नाही मग." त्यावर ते मान वाकडी करून हसायचे.

मग ते दिवस आले. पेपर बंद झाले. कागदावरून रोग येतो म्हणून लोक टाकलेला पेपरही काठीने ढकलायचे. राहिला टीव्ही. आणि टीव्ही काय होता तेव्हा! लाल पट्ट्या, धडधड वाजणारं संगीत, आणि ती बातम्या देणारी बाई अशी ओरडायची की जणू रोग आपल्या मोरीत येऊन बसलाय. आम्ही घाबरत होतो आणि बघतही होतो. जेवताना बघत होतो, भांडी घासताना आवाज वाढवून ऐकत होतो. अर्धी आळी फुप्फुसांची डॉक्टर झाली होती. काका तेवढे फळ्यावर शांत लिहायचे, 'भाजीची गाडी नऊ वाजता. अंतर ठेवा. घाबरू नका.' लोक खिडकीतून वाचायचे आणि त्या तीन ओळींनी जरा बरं वाटायचं.

माझा नवरा विलास रोह्याला कंपनीत शिफ्टला. औषधाचा कच्चा माल करणारी कंपनी, ती बंद नव्हती. पास दाखवत मोटरसायकलवरून तो ये-जा करायचा. आम्हाला मूलबाळ नाही, घरात मी एकटी, तेव्हा कितीही दमला तरी घरी यायचा. एका संध्याकाळी टीव्हीवर पट्टी फिरली, रोह्यातल्या कंपनीतला कामगार बाधित. कुठली कंपनी, कोण कामगार, काही नाही. नुसती पट्टी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मेलेल्या माणसाची वेलांटी विचारायला जाणाऱ्या आमच्या बाळाकाकांनी फळ्यावर लिहिलं, 'रोह्याच्या कंपनीत रोग. आपल्या आळीतील एक जण तिथेच कामाला. सावध राहा.' नाव नव्हतं. पण आळीत रोह्याला जाणारा माणूस एकच, त्याला नाव कशाला लागतं? दुपारपर्यंत आळीच्या तोंडाशी आडवा बांबू बांधला गेला. एक टोक बांधायला काका स्वतः होते.

दिवसपाळी करून विलास आला तो बांबूपाशीच थांबला. हेल्मेटही काढू देईनात. मी डबा घेऊन धावले तर मला म्हणाले, डबा जमिनीवर ठेव आणि मागे हो. ज्यांच्या पोरांना विलासने सायकल शिकवली ती माणसं! काका खाली बघत म्हणाले, "पंधरा दिवस तिकडंच काढ रे विलास, आळीसाठी." विलासने डबा उचलला, गाडी वळवली आणि तो गेला. रोह्याला माझ्या बहिणीच्या बिल्डिंगनेही दार लावलं. तो कंपनीच्या विश्रांतीच्या खोलीत पुठ्ठ्यावर निजायचा. पंधरा दिवसांचा सव्वा महिना झाला. कारण टीव्हीची पट्टी काही थांबेना आणि बांबू सोडायची कुणाची छाती होईना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यात एका दुपारी काकांच्या घरातून खोकल्याचा आवाज आला. एप्रिल-मेचा धुरळा, म्हातारा माणूस, खोकणारच. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी फोन उचलला आणि दुसऱ्या एका ग्रुपवर आवाजाचा मेसेज टाकला, 'बाळाकाकांना तो आजार झालाय, घरात लपवतायत, फळ्याजवळ कुणी जाऊ नका.' आजार झालाय. झाला असेल, असंसुद्धा नाही म्हटलं. अर्ध्या मिनिटाचा मेसेज. संध्याकाळपर्यंत तो फिरून फिरून आमच्याच आळीच्या ग्रुपवर आला, फक्त आता तो 'एका बाईंकडून आलेला' झाला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. पांढरे झगे घातलेली माणसं आली, काकांना सगळ्यांच्या देखत चालवत नेलं, स्वॅब घेतला आणि घरावर पट्टी लावून चौदा दिवस आत बसवलं. फळ्यावर कुणीतरी फिनेल ओतलं. तपासणीत काही निघालं नाही, पण 'निगेटिव्ह'चा मेसेज कुणी पुढे पाठवत नाही. जोह्याहून कारखान्याच्या मालकाचा फोन आला, "काका, यंदा नका येऊ, गडी घाबरलेत." चाळीस वर्षांत पहिल्यांदा काकांच्या हातून एकाही गणपतीला डोळे लागले नाहीत. माझ्या अर्ध्या मिनिटामुळे.

आणि त्यांच्या घरी दूधवाला जाईना, तेव्हा रोज सकाळी दुधाची पिशवी त्यांच्या पायरीवर ठेवायला कोण जायचं? मीच. काकी आतून म्हणायच्या, "तुझ्यासारखी तूच गो." प्रत्येक वेळी कुणी मुस्काटात मारल्यासारखं व्हायचं. तरी तोंड उघडलं नाही. एरवी माझ्या जिभेला हाड नाही असं सासरी-माहेरी दोन्हीकडे म्हणतात. तेव्हा मात्र दातखीळ बसली होती.

चौदा दिवस संपल्यावर काका बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, आता हे आळीला शिव्या घालणार. त्यांनी काय केलं, तर आधी विलासला फोन लावला आणि वेलांटी विचारावी तसं एकेक विचारून घेतलं. तेव्हा कळलं, तो कामगार विलासच्या कंपनीतला नव्हताच. दुसऱ्याच कंपनीतला, तोसुद्धा बरा होऊन घरी गेलेला. काकांनी फिनेलचा फळा घासून धुतला, वाळू दिला, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी लिहिलेली बातमी खोटी होती. न विचारता लिहिली. विलासला आळीबाहेर ठेवण्याचा दोष माझा. — बाळा.' मग बांबूची सुतळी स्वतः सोडली. ती सुटेना तेव्हा दाताने सोडली. कुणी अडवायला पुढे आलं नाही.

संध्याकाळी विलास घरी आला. दाढी वाढलेली, गळ्याचं हाड वर आलेलं... पण आला. काका दारात उभे राहिले, आत येईनात. "माफ कर म्हणत नाय," ते म्हणाले, "तुझं तू ठरव." विलास म्हणाला, "काका, चहा घेता का?" संपलं. माझा नवरा असाच आहे, त्याच्यावर चिडायचीसुद्धा पंचाईत.

ती ओळ काकांनी आठ दिवस पुसली नाही. बाकी फळा रोज पुसायचे, ती तेवढी ठेवायचे. नवव्या दिवशी ती गेली, पण तेव्हापासून फळ्याच्या तळाशी चार बोटं जागा त्यांनी आखून वेगळी केली. तिथे कोपऱ्यात लिहिलं, 'दुरुस्ती.' काल पाणी सहाला येईल लिहिलं, आलं साडेसातला, दुरुस्ती. अमक्याच्या मुलीचे टक्के चुकले, दुरुस्ती. लोक हसायचे. एवढे चॅनेल, एवढी बोंबाबोंब, आमच्या रोह्याची ती पट्टी चुकली म्हणून कुणी एक ओळ फिरवली? आणि इथे हा माणूस दीड तास उशिरा आलेल्या पाण्याची माफी मागतोय!

पुढे सगळं सुरळीत झालं. काका पुन्हा जोह्याला जाऊ लागले. लोक विसरले. आता टाळेबंदीचा विषय निघाला की आळी पत्त्यांच्या, पापडांच्या, घरी केलेल्या जिलबीच्या गोष्टी सांगते. बांबूचं नाव काढलं तर म्हणतात, "छे, आपल्याकडं असलं काय नव्हतं." होतं म्हणणारे एकटे काका. ते मुद्दाम सांगायचे, "बांधला होता, मीच बांधला होता." आणि हुकलेल्या त्या वर्षाबद्दल कुणी हळहळलं तर म्हणायचे, "बरं झालं की! गणपतीच्या आधी पयल्यांदा बायकोचे डोळे नीट बघितले." काकी पदराआडून हसायच्या. मी तिथे असले तर उठून जायचे.

काही दिवस दुरुस्तीची जागा कोरीच असायची. काका खाली फळीच्या कडेला खडूचा तुकडा ठेवून जायचे. शेठ विचारायचा, "काय काका, आज चूक नाय?" काका म्हणायचे, "माझी नाय. असंल कुणाची तर लिहील." मी तूरडाळ घेता घेता ऐकायचे. खडू दिसायचा. पिशवी उचलून घरी यायचे.

काकांच्या जाण्याची बातमी फळ्यावर मी लिहिली. काकी म्हणाल्या, "तूच लिही, तुझं अक्षर त्यातल्या त्यात बरं हाय." तेराव्याला पंगत उठल्यावर मी काकींना मागच्या पडवीत गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मेसेज, खोकला, दुधाची पिशवी, सगळं. काकी पातेलं पुसत होत्या, पुसतच राहिल्या.

"त्यांना ठाव होतं गो," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज आख्ख्या पेणात कुणाला वळखू येत नाय? मेसेज ऐकला तवाच म्हणाले, ही आपली सुनंदा."

मी म्हटलं, "मग मी दूध ठेवायचे तेव्हा...?"

"तवा पन ठाव होतं. मी म्हटलं, विचारू काय तिला? तर म्हणाले, नको. तिचा घो मी बाहेर ठेवलाय, तिला बोलायला मला तोंड नाय. सांगंल तवा सांगंल."

म्हणजे खडू माझ्यासाठी ठेवलेला होता. इतकी वर्षं. मला ओरडायचा, आळीसमोर उभं करायचा पूर्ण हक्क ज्या माणसाला होता, त्याने चार बोटं जागा आखून दिली आणि वाट बघितली. ते वाट बघणं मी त्यांच्या हयातीत संपवलं नाही, याचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण त्याहून जास्त काय वाटत असेल तर उपकार. चुकलेल्या माणसाला इतक्या मायेने कुणी वागवतं, हे मी टीव्हीवर नाही, शेठच्या भिंतीवर बघितलं.

फळा आता मीच लिहिते. परवा पाण्याची वेळ लिहून झाली, भाजीची गाडी लिहून झाली. मग खाली वाकले आणि तळाच्या जागेत लिहिलं, 'दुरुस्ती. टाळेबंदीत बाळाकाकांना आजार झाल्याचा मेसेज मी टाकला होता. तो खोटा होता. — सुनंदा.' अक्षरं अशी वेडीवाकडी आली की काकांनी ती बघून मान वाकडी केली असती. शेठने दुकानातून वाचलं आणि तो तूरडाळ तोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यापाशी गेले तर काकी आधीच तिथे. हातात काकांचं ते ओलं फडकं. पाणी पुसलं, भाजीची गाडी पुसली, फडकं खालपर्यंत आणलं आणि तिथे थांबवलं.

"ही आठ दिस ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि फडकं पिळून माझ्या हातात दिलं.

आज तिसरा दिवस आहे.