ओट्यावर झाकून ठेवलेलं पन्हं

कैरी उकडून पन्हं करतात, पण भाजून केलेलं निराळं लागतं. चुलीतला जाळ ओढून घ्यायचा आणि उरलेल्या गरम राखेत कैरी पुरायची. साल काळी पडली, बोटाला मऊ लागली की काढायची. गर हातानं कुस्करायचा, गूळ घालायचा, थोडं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. ही माझ्या आईची रीत. लग्न होऊन आले तेव्हा कुणाला न विचारता करता येईल असं तेवढंच एक मला येत होतं.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. हे शाळेत मास्तर होते, आणि वडीगोद्रीच्या पलीकडं एका लहान गावात यांची बदली झाली. आम्ही बौद्ध. आमच्या लोकांची घरं ओढ्याच्या पलीकडं होती. पण शाळा गावात, म्हणून यांनी शाळेजवळ एका मुसलमान म्हातारीच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मे महिना लागला आणि यांना ट्रेनिंगला तालुक्याला जावं लागलं. फक्त रविवारी यायचे. मूलबाळ अजून नव्हतं. मला बोलायची सवय कमी. म्हातारीला निम्मं ऐकू येत नसे, त्यामुळं आमचं बोलणं लवकर संपायचं. मंग दुपारभर मी आणि पत्र्याचा कडकड आवाज.

त्या उन्हाळ्यात माझ्याशी बोलणारी बाई एकच. समोरच्या शेतकऱ्याच्या घरची सून. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायची, ती मला मास्तरीणबाई. तिचा भाऊ लांब गिरणीत कामाला होता, त्याचं कार्ड आलं की ती ते पदरात लपवून आणायची आणि माझ्याकडून वाचून घ्यायची.

"चौथीच शिकलेय मी, अक्का," मी पहिल्यांदा सांगितलं.

"मंग चौथीपुरतंच वाचा. तो बी काही लई शिकलेला न्हाई."

भाऊ चार ओळी लिहायचा. आम्ही खुशाल आहोत, तुम्ही खुशाल असावे, आईला भेटून यावे. ती दोनदा वाचायला लावायची. दुसऱ्यांदा वाचताना डोळे मिटून बसायची.

विहिरीवर सुद्धा तीच माझ्या सोबतीला. मी घागर घेऊन गेले की ती दोर माझ्या हातून घ्यायची. "सरका, मास्तरीणबाई. तुमाला रहाटाची सवय न्हाई, हात सोलतील." ती शेंदायची आणि वरून माझ्या घागरीत ओतायची. मला वाटायचं, किती माया आहे हिला. घरी आले की मी माझ्या हातांकडं बघायची. आईच्या घरी वर्षानुवर्षं दोर ओढून घट्टे पडलेले हात ते. सोलणार काय होतं त्यांचं?

एक दिवस तिनं शेतातल्या झाडाच्या आठ-दहा कैऱ्या आणल्या. पदर सैल सोडून त्या माझ्या ओट्यावर पडू दिल्या. "खावा काही करून." त्याच दुपारी मी पन्हं केलं. नव्या डेऱ्यातलं गार पाणी, वरून ओलं फडकं. आमच्या लग्नातला पितळेचा पेला चिंचेनं घासला. तो भरला, ताटली झाकली आणि ओट्यावर तिची वाट बघत बसले.

ती आली, बसली, बोलली. मी पेला पुढं सरकवला.

"आज सोमवार हाये ना," ती म्हणाली. "उपास."

मंगळवारी ती आत्ताच ताक पिऊन आल्ती. बुधवारी घसा धरला होता. मी रोज करत होते. मनाशी धरलं होतं की या बाईनं माझ्या ओट्यावर बसून एकदा माझ्या हातचं प्यावं. ती प्याली तर हे गाव माझं होईल, न प्याली तर न्हाई, असं काही तरी डोक्यात बसलं होतं. एवढ्याशा गोष्टीवर एवढं काय, पण दुसरं काही नव्हतं मला.

मला वाटलं, आंबट होत असेल. वासावरनंच कळत असेल तिला. मी गूळ वाढवला. मंग गूळ फार झाला असेल म्हणून कमी केला. जिऱ्याऐवजी वेलची घातली, यांनी माझ्यासाठी आणलेल्या चार वेलच्यांतल्या दोन. एकदा भाजायच्या ऐवजी उकडून केलं, राखेचा वास नको म्हणून. ती उठून गेली की तो पेला मीच प्यायची. तोवर कोमट झालेला असायचा.

आठवडाभर घरमालकीण म्हातारी आतून हे बघत होती. एका दुपारी बाहेर आली, माझ्या शेजारी बसली, आणि पेल्यावरची ताटली उचलून पन्हं सरळ पिऊन टाकलं. तोंड पुसलं.

"अच्छा बनाया. पण बेटी, तू गूळ कशाला बदलून राह्यलीस?"

मी रिकामा पेला उचलून घेतला.

"ती तुझ्या हातचं पिणार न्हाई. साखर घाल, न्हाई तर केशर घाल. पिली अन् सासूला कळलं, तर सासू तिला घरात घेणार न्हाई."

ऐकू कमी येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. गल्लीत सगळ्यांना गेलं असेल.

मला कळत नव्हतं असं म्हणता येणार न्हाई. मी काही दुसऱ्या मुलखातून आले नव्हते. पण यांना गावात सगळे गुरुजी म्हणत, रामराम घालत, आणि मला वाटलं होतं की इथं बदललं असेल. त्या बाईनं मला कैऱ्या दिल्या होत्या. कच्चं चालतं, द्यायलाही आणि घ्यायलाही. पाणी लागलं, विस्तव लागला की चालत न्हाई. कैरी तिची होती, पाणी तिनं शेंदलेलं होतं. फक्त हात माझे. विहिरीवर ती दोर का घेत होती, तेही त्याच वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली न्हाई. ती कार्ड घेऊन आली. मी वाचलं, दोनदा वाचलं. ती उठेना.

"आज कैरीचा वास न्हाई आला," ती म्हणाली.

"न्हाई केलं."

बराच वेळ ती ओट्याची माती नखानं उकरत राहिली. म्हातारीचं बोलणं तिच्याही कानावर गेलं होतं, हे तिच्या मानेवरनं दिसत होतं. मंग म्हणाली, "कसं करता ते सांगा तरी. मी घरी करीन."

मी सांगितलं. राखेत कसं पुरायचं, केव्हा काढायचं, गूळ किती, जिरं कसं भाजायचं. मीठ सांगितलं न्हाई. विसरले नव्हते. तोंडाशी आलं होतं आणि मी ते आत ठेवलं. माझ्याजवळ तेवढंच होतं तिला न द्यायला.

चार दिवसांनी ती भर उन्हात तांब्या घेऊन आली, पदराखाली झाकून. "तुमचा पेला आणा." मी आणला, खाली ठेवला. तिनं वरून धार धरली. एक थेंब बाहेर सांडला न्हाई, तांब्या पेल्याला लागला न्हाई. मी तिच्यासमोर प्याले. गार होतं. गोड होतं. आणि गोडाखेरीज काही नव्हतं.

"तुमच्यासारखं न्हाई झालं ना?" ती म्हणाली.

माझ्यासारखं कसं असतं, हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण ती खरंच विचारत होती, खाली मान घालून, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. तेव्हा सांगायला हवं होतं. एक शब्द होता.

"बराबर झालंय, अक्का," मी म्हणाले.

ती हसली. पुढच्या उन्हाळ्यात आमची बदली झाली. जाताना तिनं परत पदरातून कैऱ्या ओट्यावर सोडल्या, वाटेत खायला. आता मी पन्हं करते तेव्हा सगळ्यात आधी मीठ घालते, म्हणजे राहून जाऊ नये. ती मात्र त्या घरात सासूला, नवऱ्याला, पुढं सुनांना, माझी रीत म्हणून बिनमिठाचंच देत असेल.