थंडोबांची गरम पेटी

मागच्या रविवारी सकाळी शेजारच्या घरात जे घडलं ते मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं, तरी अजून मला ते खरं वाटत नाही.

आमचे शेजारी कॉम्प्युटर दुरुस्त करतात. पंचवीस वर्षं त्याच धंद्यात मुरलेत. गल्लीत त्यांना सगळे थंडोबा म्हणतात, कारण दुकानात कुणी काहीही घेऊन गेलं की पहिला प्रश्न, "गरम होतंय का?" आणि शेवटचा सल्ला, "थंड ठेवा." त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, एकदा वैतागून विचारलं, "आणि माझ्या डोक्याचं काय?" तर म्हणाले, "हवा लागू दे." त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे चहा घेतला, घरी मिळाला नाही म्हणून.

तर अशा माणसानं सहा वर्षांपूर्वी लेकीसाठी एक डेस्कटॉप जोडला. एकेक भाग निवडून, स्वतःच्या हातानं. लेकीचं काम असं की इमारत बांधायच्या आधीच ती पडद्यावर उभी करायची आणि बघणाऱ्याला आतून फिरवून आणायची. तिनं ती पेटी कामाला लावली की असा घोंघाट सुटायचा की भिंतीच्या अलीकडे माझा मिक्सर चालू आहे की बंद, हे मला हात लावून बघावं लागे. मी तक्रार केली की थंडोबा खूश! पाहुण्यांना तर मुद्दाम थांबवून ऐकवायचे. "ऐका, ऐका! ताकद कशी बोलतेय!"

गेल्या महिन्यात लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. कंपनीनं हातात लॅपटॉप दिला. ती सहज म्हणाली, "बाबा, पेटी राहू दे इथेच. मला हा पुरेल."

थंडोबांचा चेहरा असा उतरला की बघवेना. लेक जाणार हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण तिच्याबरोबर आपल्या हातचं काहीच जाणार नाही, हे घशाखाली उतरेना. मग तोंड सुटलं.

"लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे कपाटात कोंडून पळायला लावलेला माणूस! नाव मोठं, पण वीज मिळणार मोजून, हवा मिळणार मोजून. पाच मिनिटं पळेल, तापला की बसेल. माझी पेटी म्हणजे मोकळं मैदान!"

"मग लावा की शर्यत, भाऊजी," मी म्हणाले. आगीत तेल ओतायला मला आमंत्रण लागत नाही.

थंडोबा लगेच तयार. "लावतो! पेटी जिंकली तर ती हिच्याबरोबर जाणार."

लेकीनं एकच इमारत दोन्हींना दिली आणि एकदमच कामाला लावली. पेटी गर्जायला लागली. पाच मिनिटांनी लॅपटॉप खरंच मंदावला. थंडोबांनी टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिलीसुद्धा. चौदा मिनिटं झाली आणि लॅपटॉपवर इमारत तयार! पेटीत अजून दुसरा मजला चालला होता.

 वहिनींच्या हातात कपबशी तशीच.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "हा पेटीचा आकडा बघा. शंभर."

"शंभरपैकी?" मी विचारलं.

"काकू, शंभर अंश. प्रोसेसरचं तापमान. म्हणून तो पळतच नाहीये."

"धूळ असेल," थंडोबा पुटपुटले. त्यांनी पेटी बंद करून उघडली. आत धुळीचा कण नाही. दर महिन्याला फुंकर मारत होतेच. मग त्यांनी प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा काढला. प्रोसेसरची उष्णता ओढून घ्यायची ती या ठोकळ्यानं. तो त्यांनी कधीच हलवला नव्हता. स्वतःच्या हातचं काम, उघडून काय बघायचं?

ठोकळ्याच्या बुडाला प्लास्टिकची पातळ झिल्ली चिकटलेली. त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, "बसवण्यापूर्वी काढा."

माझा आ वासलेलाच राहिला. अहो, हीच चूक एका गिऱ्हाइकानं केली तेव्हा याच माणसानं भर दुकानात त्याला विचारलं होतं, "डोळे गहाण ठेवले होते का?"

थंडोबा स्टुलावर मटकन बसले. मग लेकीला म्हणाले, "तुला सहा वर्षं कळलं नाही?"

"हळू चालते हे कळत होतं, बाबा. पण तुम्ही सगळ्यांना तिचा आवाज ऐकवायचात. मग कसं सांगणार?"

 थंडोबांनी झिल्ली सोलून काढली, उष्णता ठोकळ्याकडे नेणारा जुना लेप पुसला, नवा लावला, ठोकळा बसवला. पेटी पुन्हा त्याच इमारतीला लावली. आवाज नाही! मी कान लावला. "चालू आहे ना हो?"

नऊ मिनिटांत इमारत उभी. लॅपटॉपपेक्षा पाच मिनिटं आधी.

"झालं तर मग," लेक म्हणाली. "पेटी माझ्याबरोबर."

"नको," थंडोबा म्हणाले. आम्ही तिघी चाट! "सहा वर्षं तुझा जीव खाल्लान् हिनं. माझ्यामुळे."

"आत्ता कुठे पळायला लागलीय, आणि इथे ठेवू होय?" असं म्हणून तिनं कपाटातून जुनी चादर काढली आणि पेटीला गुंडाळायला घेतली. गाठ मात्र थंडोबांनी मारली. एकावर एक तीन.

लेक गेली, पेटी गेली. ती झिल्ली दुकानात काउंटरच्या काचेवर चिकटवलेली आहे. ही कुणाची, असं कुणी विचारलं की थंडोबा खोकतात. मी त्यांच्या गळ्याची शपथ घेऊन गप्प बसले आहे. तुमचं सोडा, तुम्ही काय घरचेच.

पण खरा धक्का मला काल बसला. दुकानात एक बाई तापलेलं मशीन घेऊन आल्या. उघडलं तर आत झिल्ली, अगदी तशीच. मी दारात उभी, आता बाईंची कशी हजेरी घेतात ते ऐकायला कान टवकारलेले. थंडोबांनी झिल्ली चिमटीत धरली, उजेडात बघितली आणि म्हणाले, "होतं असं. एवढं मनावर घेऊ नका."

माझ्या हातातली पिशवीच खाली पडली.