दिगंबरचा कॉन्स्टन्टाइन

"भाऊजी, हे गेले..." दिगंबरच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी गुलमंडीत त्याच्यासाठीच नवं भिंग घेत होतो. ते अजून माझ्या खिशात आहे. आता काय करू त्याचं?

खुबा मोडल्यापासून माझा हा मित्र कापडाच्या दुकानावरच्या खोलीत अडकला होता. जिना इतका उभा की त्याला खुर्चीसकट उचलून उतरवावं लागे, आणि त्याची त्याला लाज वाटे. उमेदीत पैठणपासून सोयगावपर्यंत जुनी नाणी हुडकत हिंडलेला गडी! आता जग म्हणजे एक खिडकी आणि तिच्या फळीवरची रोमन ब्राँझची नाणी. तिरप्या उन्हात नाणं हळूहळू फिरवत, हिरव्या थरातली अक्षरं वर येण्याची वाट बघत बसायचा. मला सगळे बादशहा सारखेच दिसत. मी अंदाजानं नाव घेतलं की खेकसायचा, "बाप कोण अन् पोरगा कोण, तोंडावरून नाय कळत. कडेची अक्षरं वाचल्याबिगर नाव घ्यायचं नाय." लई हट्टी.

पाचोडच्या बाजारात भंगारात मिळालेल्या एका नाण्यावर त्याचा फार जीव. मागे दोन शिपाई, मधे निशाण. पुढच्या चेहऱ्याभोवतीची अक्षरं निम्मी लागली होती. तेवढ्यात त्याला दवाखान्यात न्यावं लागलं आणि दिवाळी आली. वहिनींनी देवाची तांब्याची भांडी घासायला काढली, त्यांत ते काळंहिरवं नाणंही चिंच-मिठानं लख्ख केलं. तो घरी आल्यावर कौतुकानं त्याच्या तळहातावर ठेवलं. थराबरोबर अक्षरंही गेली होती. मी समोरच होतो.

"आता दिसतंय ना कोण ते?" वहिनींनी विचारलं.

"दिसतंय की. कॉन्स्टन्टाइन," तो म्हणाला. त्या आत गेल्यावर माझं मनगट धरलं, "तिला कळू देऊ नको."

आयुष्यात त्यानं न वाचता घेतलेलं ते एकच नाव. पुढं बाकीची नाणी डब्यात गेली, ती कायमची. नव्या भिंगाच्या निमित्तानं त्याला पुन्हा खिडकीशी बसवावं, एवढाच माझा बेत होता...

परवा गेलो तर नाणं देव्हाऱ्यात, हळदकुंकू वाहिलेलं. वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्या नावानं हे संग्रहालयाला देऊ. चिठ्ठीवर बादशहाचं नाव तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलंय."

भिंग काढून पाहिलं. नाकाचा बाक तेवढा उरलाय. अक्षरांशिवाय नाव लिहावं तर तिथले जाणकार दिगंबरला हसतील, आणि खरं सांगावं तर ही बाई उरलेला जन्म स्वतःला खात बसेल. मेलेल्या माणसाचा मला राग आला. तू सुटलास बाबा, मला गुंतवून गेलास.

"पुढच्या खेपेला लिहू," म्हणालो.

"बरं," म्हणत वहिनींनी नाणं माझ्या हातून घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवण्याआधी, नेहमीच्या सवयीनं, शेजारच्या वाटीतल्या चिंचेत बोट बुडवून ते त्या नाकावरून फिरवू लागल्या.