बाळासो मगदुमांची हाळी

आमच्या पेठेच्या मंडळाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून चौऱ्याहत्तर साली 'जुना जमाना' नावाचा तीन दिवसांचा उत्सव करायचं ठरलं आणि सजावटीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. चित्रकलेच्या मास्तराला वर्षभर कुत्रं विचारत नाही, पण मांडव घालायचा म्हटलं की सगळ्यांना त्याची आठवण येते. तक्रार नाही. खरं सांगायचं तर तो महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

शाळेच्या पटांगणात आम्ही चार मांडव उभे केले. एकात दरबार, तिथे सनई आणि चौघडा. दुसऱ्यात जुन्या वळणाचं हॉटेल, कोपऱ्यात भोंग्याचा ग्रामोफोन. तिसऱ्यात लावणीचा फड, नाचायला झुंबरबाईंची पार्टी. आणि चौथा, माझा लाडका, तंबू टॉकीज. मूकपटांच्या दिवसांत गावोगाव फिरायचा तसा हुबेहूब. आत पांढरा पडदा, बायका आणि पुरुष यांच्या मधे बांधलेला दोर, आणि बाहेर मी रंगवलेलं आठ फुटी पोस्टर. घोड्यावर राणी, हातात वाघनखं. चित्रपटाचं नाव 'वाघनखी राणी'.

हे एका जुन्या मूकपटाचं नाव मला बाळासो मगदुमांनी दिलं. कसबा बावड्याला राहणारे, साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून काम करून घरी बसलेले, वय बासष्ट. पण तरुणपणी हेच बाळासो तंबू टॉकीजची हाळी द्यायचे. गळ्यात ढोल, हातात पत्र्याचा भोंगा, उजव्या पायात घुंगरू, आणि नाचत नाचत गावभर चित्रपटाची जाहिरात. घुंगरू एकाच पायात का, असं मी विचारलं तर म्हणाले, "दोनी पायांत बांधलं की तमाशा, एका पायात बांधलं की जाहिरात." पुढे जीपवर कर्णे आले आणि त्यांचं काम सुटलं. उत्सवात हाळी द्याल का, एवढं विचारायचा अवकाश, ते ढोल काढायला माळ्यावर चढलेसुद्धा. त्यांची बायको तानाबाई खालून ओरडली, "अवो, गुडघं तरी इचारा काय म्हणत्यात ते."

पहिल्या दिवशी दुपारी चारला लेझीम झाली, आणि लेझमीच्या मागून बाळासो पटांगणात शिरले. पितळी बटणांचा लाल कोट, डोक्यावर कागदी तुरा. ढोलावर पहिली टिपरी पडली आणि माझ्या अंगावर काटा आला. बासष्ट वर्षांचा माणूस एका पायावर गिरकी घेत होता आणि घुंगरू ढोलाच्या ठेक्याला एकदाही चुकत नव्हतं. "या पावणं, या. वाघनखी राणी आलिया. घोडं पुरात पडतंय, दिवाण दगा देतोय, आनि शेवट? शेवट म्या सांगणार न्हाय. आत येऊन बघा की." लोक दरबारातून उठले, हॉटेलातून उठले. झुंबरबाईंच्या फडातली माणसंसुद्धा उठली, तेव्हा त्या पदर खोचून आपल्या माणसांना हाका मारायला लागल्या. बघता बघता तीनशे माणूस तंबूत जाऊन बसलं.

आणि तिथेच माझा घोटाळा उघडा पडला. कारण तंबूत काहीच नव्हतं. म्हणजे तंबू हा देखावा होता. लोकांनी यावं, बघावं, 'वा' म्हणावं आणि पुढच्या मांडवात जावं, एवढाच माझा हिशेब. मशीन नाही, चित्रपट नाही. आणि शहाणपणाचा कळस असा, की हे बाळासोंना सांगायचं मला सुचलंच नव्हतं. माझ्या लेखी हाळी म्हणजे नाच आणि ढोल.

घाम पुसत ते आत आले. इकडेतिकडे बघितलं. "मास्तर, मशीन कुठं हाय?"

मी खरं ते सांगितलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"देखावा?" ते म्हणाले. "मास्तर, म्या हाळी दिलीया. तेवीस वर्सं दिली. एकदा मशीन मोडलं तर मालकानं बैलगाडीनं दुसरं आणलं, पर खेळ झाला. मी बोलावलेलं माणूस खेळ बघितल्याबिगर माघारी गेलेलं न्हाय."

मंडळाचे अध्यक्ष गणपतराव म्हणाले, माईकवरून सांगून टाकू, हा नुसता देखावा आहे, लोकांनी लावणीला जावं. तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. बाळासोंनी गणपतरावांच्या हातातला माईक बाजूला केला आणि ढोलासकट पडद्यापुढे जाऊन उभे राहिले. या माणसाची आयुष्यभराची अब्रू माझ्या गाढवपणामुळे जाणार होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मशीन न्हाय," त्यांनी सांगून टाकलं. "पर खेळ हाय. रीळ पयलं."

आणि त्यांनी चित्रपट करून दाखवला. स्वतःच राणी, स्वतःच कपटी दिवाण, स्वतःच राणीचा इमानी सरदार. राणी म्हणून चालले तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण दिवाणाची नजर फिरली तेव्हा त्याच बायका गप्प झाल्या. त्या काळी हाळी देऊन झाली की बाळासो आत येऊन पडद्याखाली ढोल वाजवत, त्यामुळे प्रत्येक रीळ त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं. दुसऱ्या रिळात राणीचा घोडा पुरात वाहून गेला. तिथे सनईवाले केरबा दरबार सोडून आमच्या तंबूत आले आणि त्यांनी असा सूर लावला की माझे डोळे भरले. तिसऱ्याला चौघडा आला. चौथ्याला झुंबरबाईंच्या दोन पोरी येऊन चित्रपटातल्या दरबारी नाचाच्या जागी नाचून गेल्या. शिट्ट्या आता वेगळ्या होत्या. मी खांबाला धरून उभा होतो आणि आनंदाने मला रडू येत होतं.

शेवटी राणी गडावर चढली. बुरुजावर दिवाण, त्याची तलवार सरदाराच्या मानेवर. राणीने वाघनखं उचलली. ढोल थांबला.

थांबला तो थांबलाच. बाळासो माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मास्तर, फुडचं रीळ म्या बघितलंच न्हाय कवा. शेवट सुरू झाला की फुडच्या खेळाची हाळी द्याया भाईर जावं लागायचं."

शेवट सांगणार नाही, असं तेवीस वर्षं ते म्हणत होते, ते याच्यामुळे. आणि ज्याची हाळी दिली त्याचा शेवट माहीत नाही, हे कुणाला विचारायचं तरी कसं? तीनशे माणूस श्वास रोखून बसलं होतं.

दोराच्या पलीकडे बायकांतून तानाबाई उठल्या. "म्या बघितलाय," त्या म्हणाल्या. "माज्या म्हायेरी, मुरगुडात तंबू पडला हुता तवा. तीनदा." आणि पुढे झाल्या. "राणी हात उचलती. दिवाण हसतोय. आनि मागनं घोडं येतंय, आनि देतंय दिवाणाला लाथ. दिवाण गेला बुरजाखाली."

"घोडं?" बाळासो म्हणाले. "घोडं पुरात वाहून गेलतं की."

"पवत आलं की."

तंबू उठून उभा राहिला. टोप्या उडाल्या, केरबांच्या सनईचा सूर कुठल्या कुठे चढला. बाळासो मात्र पडद्यापुढे मांडी घालून खालीच बसले, पब्लिक बसतं तसे, मान वर करून बायकोकडे बघत.

"मग?" त्यांनी विचारलं. "सरदाराचं काय झालं?"

"सांगती. आधी ढोल घ्या," तानाबाई म्हणाल्या. "तवा बी शेवटाला ढोल थांबायचा. तीनी डाव मला चुकल्या-चुकल्यागत झालतं."

बाळासोंनी ढोल मांडीवर ओढला आणि टिपरी उचलली.