मामांचं पाळणाघर

"घाट हाये ह्यो, बाई. संपतोय आत्ता." मूल रडायला लागलं की मामा हेच म्हणायचे. मग त्याला खांद्यावर टाकून, खालच्या सुरात इंजिनासारखी घरघर काढत अंगणात फेऱ्या मारायचे. चढणीला आवाज जड, उताराला हलका. तिसऱ्या वळणाला मूल झोपलेलं असायचं.

एसटीत ड्रायव्हर होते ते. उमेदीची सगळी वर्षं माळशेज घाटात गेली. ओतूरला आमच्या आळीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मुलं सांभाळण्याचं काम खरं त्यांच्या बायकोचं, मामींचं. मी वाडीवरच्या शाळेत शिक्षिका. मी, नर्सबाई, बँकेतल्या बाई, अशा आम्ही सगळ्या जणी सकाळी तिथं मुलं सोडून कामाची वाट धरायचो. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत 'पाळणाघर' हा शब्दही आमच्याकडे कुणी वापरत नसे. "मामींकडं ठेवलंय," एवढं पुरायचं.

मामी अचानक गेल्या. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा माझ्या दारात उभे. माझा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा.

"उद्यापास्नं पोरगं पाठवा."

"मामा, तुम्हाला जमेल?"

"मला कुटं जमतंय. पन पोरं मला वळखत्यात ना."

जमलं. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, हात भलेथोरले, आणि त्या हातांनी इवल्या बोटांची नखं काढताना श्वास रोखून धरणारी. मऊ भात कालवताना ते आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायचे. भात पहिल्या महिन्यात दोनदा करपला, नंतर कधी नाही.

मग ग्रामपंचायतीत एक कागद आला. घरी मुलं सांभाळणाऱ्यांसाठी सरकार नियम करणार होतं. हा मसुदा, हरकत असेल तर कळवा. मामांनी तो मला वाचायला लावला. खिडकीला जाळी, वाळूची बादली, औषधांची पेटी, मुलं किती असावीत. मामा प्रत्येक कलमाला मान हलवत होते. शेवटी होतं, सांभाळणारी व्यक्ती महिलाच असावी.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"जाळी बसवीन. बादली आनीन. पन बाई कुटनं व्हऊ?" ते हसले. मला हसू आलं नाही.

"मसुदा आहे, मामा. अजून नियम झालेला नाही. आपण हरकत घेऊ."

आठवड्यात जाळी बसली. दाराशी वाळूची बादली आली. मी चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी घरोघर फिरले. मामांबद्दल कुणी वाईट बोललं नाही, हे सांगायला हवं. "देवमाणूस हो," बायका म्हणायच्या. मग आवाज खाली यायचा. "पण सरकारनं लिहिलंय म्हणजे काही विचार करूनच ना? टीव्हीवर काय काय दाखवतात हल्ली." नर्सबाईंनी मुलगी माहेरी ठेवली. बँकेतल्या बाईंनी घरीच एक बाई ठेवली. मामांकडं नऊ पोरं होती, त्यांची चार झाली, चाराची दोन.

आणि मी? सासूबाई महाळुंगे पडवळहून येऊन राहायला तयार झाल्या. "मग कशाला उगाच?" माझे यजमान म्हणाले. शाळा, घर, सह्यांची वणवण, मी इतकी दमले होते की वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं.

त्या शनिवारी मामांनी मुलाची वाटी, दुपटं, झबली घडी करून पिशवीत भरून दिली. "आजी आली, झ्याक झालं." मग दारातच विचारलं, "त्यो अर्ज कुटवर आला?"

"चाललंय," मी म्हणाले.

अर्ज माझ्या पर्समध्येच होता. त्यावर तीन सह्या होत्या. माझी नव्हती. आधी इतरांच्या होऊ देत, मग आपली करू, असं म्हणत राहिले होते मी.

नियम आलाच नाही. वर्षभरानं दुसऱ्याच कामासाठी कचेरीत गेले होते, तेव्हा विचारलं. "ते मसुद्यातच राहिलं, मॅडम," कारकून म्हणाला. त्यानं मानही वर केली नाही.

मी तशीच मामांकडे गेले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "लेकीकडं निघालेत कायमचे, पुण्याकडं, भोसरीला. आत्ताच गेले की स्टँडवर."

स्टँडवर मामा बाकावर बसले होते, पायाशी पत्र्याची पेटी.

"मामा, तो नियम झालाच नाही."

"आसं व्हय," ते म्हणाले. पेटीची कडी चाचपत पुन्हा, "आसं व्हय."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बाई रडणाऱ्या तान्ह्याला थोपटून थोपटून थकली होती. ती मामांना म्हणाली, "बाबा, जरा धरता का? नळावरनं पानी आनते."

मामांनी दोन्ही हात काखेत घातले. "ह्या बाईंकडं द्या," ते म्हणाले.

मी घेतलं. आई येईपर्यंत ते माझ्या कडेवर रडत राहिलं, आणि मामा पुण्याची गाडी लागते त्या फलाटाकडे बघत राहिले.