पॅकिंग शेडमधली खिळ्यांची गन

एका शेडमध्ये पाच-सहा वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो आणि ऐकणारा म्हणतो, "काहीतरी फेकू नकोस!" फेकत नाही हो. हे सगळं माझ्यासमोर झालंय, आणि एकदा तर माझ्यामुळेच होता होता राहिलंय.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. जळगावच्या एमआयडीसीत आमची पंपांची कंपनी. पंप परगावी जायचे, म्हणून शेडमध्ये लाकडी पेट्या ठोकायचं काम. स्टोअर माझ्याकडे. भडगावचे नाना मिस्त्री पेट्या करायचे, साठीला टेकलेले. त्यांच्या जोडीला शिरपूरचा रमेश, दोन पोरांचा बाप, हाताचा चपळ. सगळं हातोडीवर चाललं होतं. मग साहेबांनी मुंबईहून हवेवर चालणारी खिळे मारायची गन मागवली.

*

टेम्पो आला तो गेटवरच अडला. गेटवर आबा, फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी चलन वाचलं : नेल गन, एक नग.

"लायसन दाखवा."

ड्रायव्हर म्हणाला, "आबा, खिळे मारायची गन आहे ती."

"मारायचीच आहे ना? मग लायसन!"

टेम्पो दीड तास उन्हात. शेवटी साहेब स्वतः गेटवर आले तेव्हा आत सोडला. आम्ही पोट धरून हसलो.

दुपारी कॉम्प्रेसर जोडला, नळी लावली. माहिती द्यायला आलेल्या माणसाने गनचं नाक फळीवर दाबलं, ट्रिगर ओढला. ठाक! खिळा डोक्यापर्यंत आत. ठाक, ठाक, ठाक! नानांना जिथे अर्धा तास लागायचा, ती बाजू दोन मिनिटांत बंद. नानांनी एकच विचारलं, "ही चुकली तर थांबवायची कशी?"

"हवेची नळी काढायची. गन खाली ठेवली, खिळे भरायचे असले, अडकली, काहीही असो. आधी नळी काढायची."

नानांनी मान हलवली. बाकीचे आम्ही गनकडेच बघत होतो.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. रमेश पेटीच्या कडेला खिळे मारत होता. फळी बाभळीची, तिच्यात ही मोठी गाठ. गाठीवर गन टेकवून त्याने ट्रिगर ओढला. आवाज झाला, पण खिळा दिसेना.

आम्ही फळी उलटी केली, खाली बघितलं. कुठेच नाही.

तेवढ्यात आक्का ओरडली. आक्का शेड झाडायची. चहाचा डबा खोक्यावर ठेवून ती भुसा गोळा करायला उठली होती. त्या अॅल्युमिनियमच्या डब्याला पोटाशी भोक पडलं होतं आणि चहाची बारीक धार जमिनीवर येत होती. खिळा आत! गाठीला लागून तो वाकला होता आणि फळीच्या बाजूने बाहेर पडून सरळ तिकडे गेला होता.

रमेश म्हणाला, "आक्का, चहा मी आनी देस."

आक्का त्या खोक्याकडे बघत राहिली. "चहानं काही नही रे भाऊ. मी आठे बशेल ऱ्हातू तं?"

त्या दिवसापासून गन चालू असली की समोर आणि बाजूला कोणी उभं राहायचं नाही, हे सांगावंच लागलं नाही.

*

गनबरोबर जाड काचेचे दोन गॉगल आले होते. मी ते रीतसर सही घेऊन दिले. नाना म्हणाले, घामाने काही दिसत नाही. रमेशचा तर पंधरा दिवसांत दिसेनासाच झाला.

मग चाळीसगावला एका लग्नात जेवायला बसलो होतो. नवरदेवाच्या घोड्यापुढे कोण नाचतंय बघतो तर रमेश! नवरदेव त्याचा साला. आणि डोळ्यांवर कंपनीचा सेफ्टी गॉगल!

"अरे, हे काय?"

"भाऊ, फोटोमा चांगला दिसस!"

सोमवारी साहेबांनी झापलं म्हणून त्याने तो शेडमध्ये घातला. नाइलाजाने, कपाळावर आठ्या घालून. अकराच्या सुमाराला खिळे एका पट्टीत जोडणारी तार तुटून उडाली. टक्क असा एवढासा आवाज. रमेशने गन खाली ठेवली, नळी काढली, गॉगल काढून हातात घेतला. उजव्या काचेवर, बरोबर बुबुळासमोर, चांदणीसारखा तडा.

तो आहे तिथे खाली बसला. कितीतरी वेळ काचेवरून अंगठा फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बघतो, तर गॉगल घालूनच भाकरी खातोय!

*

गनच्या नाकाला एक सेफ्टी असते. नाक फळीवर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. एकदा मोठी ऑर्डर होती, सगळी घाई. कोपऱ्यात नाक नीट दाबलं जाईना म्हणून रमेशने बारीक तारेने ती सेफ्टी मागे ओढून बांधून टाकली. आता नुसता ट्रिगर ओढला की खिळा! कोणाला सांगितलं नाही.

मी स्टोअरच्या दारात उभा राहून खिळ्यांची पाकिटं मोजत होतो. त्याला चहा पाहिजे होता. गन धरलेलाच हात वर करून हाक मारली, "ओ भाऊ!"

ठाक!

कानाशी काहीतरी सूं करून गेलं. मी मागे बघितलं. दाराच्या चौकटीत, माझ्या कानाच्या उंचीवर, खिळा अर्धा रुतला होता. उरलेला अर्धा अजून थरथरत होता.

माझ्या हातून पाकिटं कधी पडली ते मला कळलंच नाही. नाना उठले. नळी काढली. रमेशच्या हातातून गन घेतली, तार बघितली, पकडीने कट्कन तोडली. आवाज न चढवता म्हणाले, "रमेश, भाऊंना दोन पोरी आहेत. घरी जाऊन त्यांच्या आईला तू सांगणार होतास का?"

रमेश भिंतीकडे तोंड करून रडला. त्या दिवशी चहा कोणीच घेतला नाही.

*

आता माझी पाळी. दुसऱ्याचं सांगितलं, स्वतःचं लपवणं बरं नाही.

एकदा कॉम्प्रेसर बंद पडला. मेकॅनिक धुळ्याहून येणार, म्हणजे दिवस गेला. ट्रक तर संध्याकाळी लागणार. माझं डोकं चाललं! बाजूच्या वेल्डिंगच्या खोलीत गॅसची नळकांडी उभी होती. त्यातलं ऑक्सिजनचं मी ढकलगाडीवर घालून आणलं.

"हवाच आहे ना ही पण? उलट चांगली हवा! पेशंटला देतात ती!"

रमेशला पटलं. नानांनीही अडवलं नाही, कारण मी पडलो बारावी सायन्स. मी पाना घेतला आणि नळी जोडायला वाकलो.

साहेब वर केबिनमध्ये डबा खात होते. त्यांनी खिडकीतून नळकांडं बघितलं. चढ्या आवाजात कधी न बोललेला तो माणूस चप्पल न घालता, हाताला वांग्याचं भरीत तसंच, जिना उतरून पळत आला. माझ्या हाताला हिसका देऊन पाना लांब फेकला.

"गनमध्ये तेल असतं! तेलाला नुसता ऑक्सिजन लागला तर बॉम्ब होतो त्या गनचा! सगळे वर गेलो असतो!"

मी घाबरून खुळ्यासारखं विचारलं, "वर म्हणजे?"

"पत्रे फाडून वर!"

माझ्या शर्टाच्या बाहीवर भरताचा पिवळा डाग कायमचा राहिला. बायको म्हणायची, टाकून द्या तो शर्ट. मी दिला नाही.

*

आणि हा शेवटचा.

एवढं सगळं झाल्यावर रमेश फार जपून काम करायचा. त्या दिवशी एक फळी सारखी सरकत होती, म्हणून त्याने ती डाव्या हाताने दाबून धरली. गन मारली. धक्क्याने ती उसळली, बोट ट्रिगरवरच राहिलं आणि नाक दुसऱ्यांदा आपटलं ते हातावर.

ठाक! रमेश हाताकडे बघत होता. हात फळीला ठोकला गेला होता.

मी धावलो आणि फळी धरून ओढणार, तोच नाना गरजले, "हात लावू नका कोन्ही! पहिले हवा तोडा!"

मी नळी काढली. नानांनी बारीक करवत घेतली, मला फळी घट्ट धरायला लावली आणि रमेशच्या हाताभोवतीची फळी दोन्हीकडून कापली. करवतीच्या प्रत्येक ओढीला रमेशचे डोळे मिटायचे. वीतभर लाकूड हाताला तसंच ठेवून आम्ही टेम्पोने दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तरुण होते. बघून थबकलेच. "लाकूड कशाला आणलंत?"

नाना म्हणाले, "लाकूड मी काढतो साहेब. हात तुम्ही बघा."

डॉक्टरांनी हात बधिर करायचं इंजेक्शन दिलं. नानांनी पिशवीतून पटाशी काढली. सिस्टरने ती पाण्यात उकळून दिली. नानांनी लाकडाच्या रेषेत ती टेकवली, दोनच हलके टोले. लाकूड दुभंगून खाली पडलं. खिळ्याचं टोक तळहातातून खाली बाहेर आलेलं दिसलं.

डॉक्टरांनी चिमटा उचलला आणि खिळ्याचं डोकं धरलं.

"थांबा साहेब!" नानांनी चक्क डॉक्टरांचं मनगट पकडलं. "रिंगवाला खिळा आहे. अंगावर कडी आहेत. आला तसा मागे ओढला तर आतलं सगळं फाडत येईल. डोकं तोडा आणि पुढून काढा."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "तोडायला काय आहे तुमच्याकडे?"

नानांनी खिशातून पक्कड काढून पुढे केली.

"सिस्टर, ही पण उकळा!"

खिळ्याचं डोकं नानांनी तोडलं. खिळा डॉक्टरांनी ओढला. मी रमेशचं डोकं पोटाशी धरून उभा होतो, त्याने बघू नये म्हणून. पण त्याने मान काढून बघितलंच. हातावर वाकलेले दोघे, दोघांच्या कपाळावर घाम, आणि डॉक्टर विचारतायत, "मिस्त्री, आता बरोबर आहे ना?"

रमेशचा आवाज एकदम बारीक आला, "भाऊ... या दोन्हीस्मा डॉक्टर कोन शे?"